रक्त पातळ ठेवणारीं औषधें आणि हाडांची बळकटी

संघाच्या कचेरींत बाजारच्या दिवशीं जे सभासद येतात, त्यांच्याकडून गेल्या कांहीं महिन्यांत एकच प्रश्न आमच्या कानांवर निरनिराळ्या रूपानें आला. घरांतील वडील माणसाच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, किंवा कोणाच्या हृदयांत कृत्रिम झडप बसविली आहे, किंवा पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी धरली होती. अशा कारणानें डॉक्टरांनीं रक्त पातळ ठेवण्याची गोळी लावून दिलेली असते. पुढें कोणी जाणता म्हणविणारा सांगतो कीं, ह्या गोळीनें हाडें ठिसूळ होतात व साध्या पडण्यानेंही खुबा मोडतो. मग घरांत विचार सुरू होतो कीं, गोळी बंद करावी काय? एका घरीं तर कोणास न विचारतांच ती बंद करण्यांत आली, व दीड महिन्यानें त्या गृहस्थांची उजवी बाजू लुळी पडली. म्हणून ह्या विषयाचा होईल तितका खुलासा वाचकांपुढें ठेवावा असें आम्हीं योजिलें. वैद्यकी हा आमचा प्रांत नव्हे. जें पडताळून पाहतां आलें तेवढेंच येथें देत आहों.

प्रथम नांवाचाच उलगडा केला पाहिजे. ताकांत पाणी घातल्यानें तें जसें पातळ होतें, तसें ह्या औषधांनीं रक्त पातळ होत नाहीं. रक्त आहे तसेंच राहतें. तें गोठण्याची क्रिया मात्र मंदावते. शिवाय हीं औषधें एका जातीचीं नाहींत. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ह्या गोळ्या रक्तांतील बिंबिका नांवाच्या सूक्ष्म कणांस एकमेकांना चिकटूं देत नाहींत. येथें ज्या शंकेचा विचार करावयाचा आहे ती ह्यांना लागू नाहीं. वॉर्फरिन, आणि आपल्याकडे पुष्कळ प्रचारांत असलेलें असेनोकुमॅरॉल, हीं 'के' जीवनसत्त्वाच्या आड येणारीं औषधें. शंका मुख्यतः ह्यांच्याविषयीं आहे. दाबिगाट्रान, रिव्हरॉक्सबान, अपिक्सबान हीं त्या मानानें अलीकडचीं. हेपारिन हें टोंचून घ्यावयाचें. घरच्या गोळीच्या पाकिटावरील नांव वाचून ती ह्यांपैकीं कोणत्या जातीची हें आधीं ठरवावें. त्यावांचून पुढील मजकुराचा उपयोग नाहीं.

वॉर्फरिनचा उगम दवाखान्यांत झाला नसून शेतकऱ्याच्या गोठ्यांत झाला, हें आमच्या बहुतेक वाचकांस नवें वाटेल. इ. स. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा प्रांतांत व कानडा देशांतील अल्बर्टाकडे गुरांमध्यें एक विलक्षण रोग पसरला. शिंगें कापलीं किंवा खच्ची केलें, कीं जनावराचें रक्त थांबेना व तें मरून जाई; कित्येक जनावरें तर जखम नसतांही आंतल्या आंत रक्त जाऊन पडत. स्कोफील्ड नांवाच्या कानडांतील पशुवैद्यानें दोष शोधून काढला. स्वीट क्लोव्हर नांवाचा, आपल्या लसूणघासाच्या कुळांतील, चारा तेथें पेरीत. पावसाळी हवेनें त्याच्या गंजीस बुरशी लागली म्हणजे तो चारा विषारी होई. १९३३ च्या हिंवाळ्यांत विस्कॉन्सिन प्रांतांतील एक शेतकरी मेलेलें वासरूं, बुरशीचा चारा व दुधाच्या कॅनमध्यें न गोठलेलें रक्त घेऊन बर्फांतून मॅडिसन येथील विद्यापीठांत कार्ल लिंक ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत येऊन पोंचला. लिंक व त्यांचे सहकारी ह्यांनीं सहा वर्षें खपून १९३९ सालीं त्या चाऱ्यांतील मूळ द्रव्य निराळें काढलें. त्यापासून पुढें तयार केलेलें वॉर्फरिन १९४८ त उंदरांचें विष म्हणून बाजारांत आलें आणि १९५४ त माणसाचें औषध म्हणून मान्य झालें. पुढच्याच वर्षीं अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांस हृदयविकाराचा झटका आला, तेव्हां त्यांसही तें देण्यांत आलें.

"म्हणजे उंदराचें औषध आम्ही बापास चारतों काय?" असें एका तरुण सभासदानें आम्हांस विचारलें. मूळ एकच, फरक मात्रेचा व देखरेखीचा. शेतांत उंदरांसाठीं वापरतात तें ब्रोमाडिओलोन ह्याच कुळांतील असून कितीतरी अधिक तीव्र व फार दिवस टिकणारें आहे. तें घरांत औषधांच्या फळीजवळ कदापि ठेवूं नये.

आतां हाडांचा ह्याशीं संबंध काय तें पाहूं. 'के' जीवनसत्त्वाचा शोध कोपनहेगन येथील हेन्रिक डाम ह्यांनीं कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करितां करितां लावला, व गोठणें ह्या अर्थाच्या शब्दाचें त्यांच्या भाषेंतील आद्याक्षर म्हणून त्यास 'के' हें नांव १९३५ त दिलें. यकृतांत रक्त गोठविणारीं जीं प्रथिनें तयार होतात, त्यांतील कांहीं ह्या जीवनसत्त्वावांचून अपुरीं राहतात. सुतारानें गाडीचें चाक पुरें केलें तरी लोहारानें लोखंडी धांव चढविल्यावांचून तें रस्त्यावर चालत नाहीं; येथें लोहाराचें काम 'के' जीवनसत्त्व करितें. ह्या संस्कारानेंच त्या प्रथिनास कॅल्शियम धरून ठेवण्याची शक्ति येते. वॉर्फरिन व असेनोकुमॅरॉल हीं औषधें एकदां वापरलेलें जीवनसत्त्व पुन्हां कामास लागूं देत नाहींत, आणि मग रक्त सावकाश गोठतें. परंतु हाच संस्कार हाडांतील ऑस्टिओकॅल्सिन नांवाच्या प्रथिनासही लागतो. रक्तांतील काम अडविलें असतां हाडांतील कामही अडत असलें पाहिजे, हा तर्क त्यावरून निघाला. तर्क सयुक्तिक आहे. तथापि तर्क ही साक्ष नव्हे.

साक्ष मात्र एकमुखी नाहीं. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या अमेरिकेंतील वृद्ध रोग्यांची पाहणी २००६ सालीं प्रसिद्ध झाली. तींत एक वर्षाहून अधिक काळ वॉर्फरिन घेणाऱ्यांत हाडें मोडण्याचें प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षां सुमारें चतुर्थांशानें अधिक दिसलें. पुरुषांत तें स्पष्ट दिसलें, बायकांत तसें दिसलें नाहीं. वर्षाच्या आंत घेणाऱ्यांतही दिसलें नाहीं. उलट दुसऱ्या कित्येक पाहण्यांत कांहींच फरक आढळला नाहीं. हाँगकाँग येथील २०१७ च्या पाहणींत दाबिगाट्रान घेणाऱ्यांचीं हाडें वॉर्फरिन घेणाऱ्यांपेक्षां कमी मोडलीं; अमेरिकेंतील २०२० च्या पाहणींतही नव्या औषधांच्या, विशेषतः अपिक्सबानच्या, बाजूनें तसाच कौल पडला. ह्या सर्व पाहण्या झालेल्या नोंदींवरून केलेल्या आहेत, आणि नोंदींच्या मर्यादा आमच्यासारख्या कचेरींत जन्म घालविलेल्या माणसास कोणी सांगावयास नकोत. ज्याला अशी गोळी लागते तो मुळांतच वृद्ध, अशक्त व हालचाल कमी झालेला असतो. त्याचें हाड मोडलें तर सारा बोजा गोळीच्या खात्यावर कसा टाकावा?

आमचा अभिप्राय असा कीं शंका अगदींच निराधार नाहीं. पण ठोके अनियमित असलेल्या माणसास वॉर्फरिनसारख्या औषधानें अर्धांगाचा धोका सुमारें दोन-तृतीयांशानें कमी होतो, ही गोष्ट पक्की आहे. पक्का लाभ टाकून संशयित हानीच्या भयानें गोळी सोडणें हा हिशेब चुकीचा आहे.

हेपारिनच्या बाबतींत मात्र साक्ष अधिक बळकट आहे. तें अनेक महिने चालू राहिलें, जसें कांहीं गर्भवती स्त्रियांस द्यावें लागतें, तर हाडें खरोखर विरळ होतात, व क्वचित् पाठीचा मणका दबतो. हल्लीं बहुधा त्याचा हलका प्रकार देतात. त्यांत हा दोष कमी आहे.

मग सर्वांनींच नवी गोळी कां घेऊं नये? येथें पुष्कळांची फसगत होते. कृत्रिम धातूची झडप बसविलेल्या माणसास नवीं औषधें चालत नाहींत. दाबिगाट्रानचा तसा प्रयोग अपाय दिसल्यामुळें थांबवावा लागला व त्याचा वृत्तांत २०१३ त प्रसिद्ध झाला. लहानपणच्या सांधेतापानें झडप खराब होऊन ठोके अनियमित झालेल्यांत, जुन्या जातीचेंच औषध रिव्हरॉक्सबानपेक्षां सरस ठरलें, असा २०२२ चा निकाल आहे. हा सांधेताप आपल्या देशांत अद्यापि नाहींसा झालेला नाहीं. तेव्हां शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलूं नये. बदल डॉक्टरांनींच करावा.

जेवणाविषयीं एक मोठा गैरसमज आहे. मेथी, पालक, शेपू, तांदुळजा, कोथिंबीर ह्यांत 'के' जीवनसत्त्व विपुल असल्यामुळें गोळी घेणाऱ्यानें पालेभाजी वर्ज्य करावी असें सांगण्यांत येतें. वर्ज्य करूं नये. मात्र प्रमाण दर आठवड्यास सारखें ठेवावें, कारण गोळीची मात्रा त्या प्रमाणास जुळवून ठरविलेली असते. शेतकऱ्याच्या घरीं अडचण ही कीं पावसाळ्यांत बांधावर भाजी फुकट म्हणून दोन्ही वेळां तीच, आणि चैत्र-वैशाखांत पानही दृष्टीस पडत नाहीं. असा फरक व्हावयाचा असेल तर रक्ताची परीक्षा आधीं करून घ्यावी. ह्या परीक्षेस आय. एन. आर. म्हणतात, बहुतेकांस आंकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो, कांहीं झडपांस त्याहून थोडा अधिक. एक वही आंखून तारीख, आंकडा, गोळीची मात्रा व शेरा असे चार रकाने पाडावे. पीकपाहणीची नोंद ज्या दक्षतेनें पाहतों तीच येथें दाखवावी. ही परीक्षा वॉर्फरिन व असेनोकुमॅरॉल ह्यांसाठीं आहे. नव्या औषधांस ती लागत नाहीं.

हाडांसाठीं प्रौढ माणसास रोज सुमारें १००० मिलिग्रॅम कॅल्शियम पाहिजे. १०० ग्रॅम नाचणींत तें ३५० च्या आसपास असतें, व पावशेर दुधांत २५० हून अधिक. दूध सारें डेअरीस घालून घरांतील म्हाताऱ्यांस काळा चहा देण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. शेतांत राबणाऱ्यास ऊन पुरेसें मिळतें. पण ओसरीवर बसून राहणाऱ्यास मिळत नाहीं. त्यांस रोज थोडा वेळ अंगणांत बसवावें, व 'ड' जीवनसत्त्वाची पुडी डॉक्टरांच्या सांगण्यावांचून देऊं नये. ज्या बायकांची पाळी गेली आहे, जे दम्यासाठीं फार दिवस स्टेरॉइड घेतात, किंवा ज्यांचें हाड किरकोळ पडण्यानें पूर्वीं मोडलें आहे, त्यांनीं हाडांची घनता मोजण्याची डेक्सा नांवाची परीक्षा करावी कीं काय, हें डॉक्टरांस विचारावें.

परंतु हाड बहुधा पडल्यानें मोडतें, आणि पडणें घरांतच होतें. न्हाणीची गुळगुळीत फरशी, शेवाळलेली विहिरीची पायरी, गोठ्याचा अंधार, वाटेंत पडलेलें दावें, पायांत घोळणारें धोतर, रात्रीं पाणी धरतांना ओलांडलेला पाट, हीं सारीं आपल्या हातांतलीं कारणें आहेत. न्हाणींत धरावयास एक लोखंडी नळी बसविण्यास फार खर्च येत नाहीं. रक्तदाबाच्या गोळीनें उठतांच भोंवळ येते, म्हणून रात्रीं लघवीस उठणाऱ्यानें क्षणभर अंथरुणावर बसून मग उभें राहावें.

गोळी घेणारा माणूस पडून डोक्यास मार लागला, तर जखम नसली तरी त्यास ताबडतोब मोठ्या इस्पितळांत न्यावें. आंतील रक्तस्राव कधीं कांहीं तासांनीं, कधीं कांहीं दिवसांनीं उघड होतो. आमच्या परिचयाचे एक बागाईतदार गोठ्याच्या उंबऱ्यास अडखळून पडले, टेंगूळ चोळून निजले, व मध्यरात्रीं उलट्या सुरू झाल्या. मुलानें गोळ्यांचें पाकीट सोबत नेलें होतें, म्हणून डॉक्टरांस उलट औषध लगेच देतां आलें आणि गृहस्थ वांचले. गोळीचें नांव लिहिलेली चिठ्ठी खिशांत सदैव असावी.

कंबर दुखते म्हणून दुकानांतून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणण्याची संवय सर्वत्र आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाबरोबर तीं घेतल्यास पोटांत रक्तस्राव होण्याचें भय वाढतें. स्नायूंत टोंचावयाची सुई घेण्यापूर्वींही कंपौंडरास गोळीची कल्पना द्यावी. मार लागलेल्या जागीं जोरानें चोळणें किंवा हाडवैद्याकडून ओढून घेणें तर सर्वस्वीं टाळावें; आंत साचणारें रक्त त्यानें वाढतें.

पडल्यावर पायावर भार देतां येत नसेल, पाय आंखूड व बाहेरच्या बाजूस वळलेला दिसत असेल, तर खुबा मोडला असें समजावें. गोळी चालू असल्यास तिचा अंमल उतरविल्यानंतरच शस्त्रक्रिया करितात. शेवटची गोळी कोणत्या वेळीं घेतली हें म्हणूनच नीट सांगावें. शस्त्रक्रियेनंतर निजून राहिल्यानें पायांत गुठळी धरूं नये म्हणून, ज्यानें पूर्वीं अशी गोळी कधीं घेतली नाहीं त्यासही सुमारें महिनाभर हींच औषधें देतात. घरीं परतण्यापूर्वीं तीं किती दिवस घ्यावयाचीं, व जुनी गोळी कोणत्या तारखेस पुन्हां सुरू करावयाची, हें एकाच कागदावर लिहवून घ्यावें. दोन्ही एकदम चालू राहून घात झाल्याचे प्रसंग घडतात.