मालगाडीतून आलेलं घर

टपालानं काय काय मागवता येतं? पुस्तकं, बी-बियाणं, फार तर एखादं घड्याळ. पण कुणी टपालानं घर मागवलेलं ऐकलंय? थट्टा नाही हं! शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत हजारो कुटुंबांनी असं घर मागवलं.

गुस्ताव स्टिक्ली हा तिथला फर्निचर बनवणारा. १९०१ साली त्याने 'द क्राफ्ट्समन' हे मासिक काढलं. घर साधं असावं, लाकूड लाकडासारखंच दिसावं, पुढे ऐसपैस व्हरांडा असावा, हा त्याचा आग्रह. मासिकाच्या वर्गणीदारांना तो घरांचे नकाशेही देई. अशा बैठ्या घरांना तिकडे 'बंगलो' म्हणत. ओळखीचा वाटला ना शब्द? बंगालकडच्या घरांवरून तो इंग्रजीत गेला आणि पुढे अमेरिकेत पोचला!

नुसता नकाशाच का, अख्खं घरच विकू, असं काही व्यापाऱ्यांनी ठरवलं. १९०६ साली मिशिगनमध्ये 'अलादीन' कंपनी निघाली. १९०८ मध्ये 'सीअर्स, रोबक'ने घरांचा कॅटलॉग काढला. चित्र बघा, घर निवडा, पैसे पाठवा. मग एक दिवस गावच्या स्टेशनात मालगाडीचा डबा हजर! त्यात तुळया, वासे, दारं, खिडक्या, पोतंभर खिळे, रंगाचे डबे. एका घराचे सुटे भाग सुमारे ३०,०००! विटा-सिमेंट मात्र ज्याचं त्यानं आणायचं. पुढे पुढे लाकूड मापात कापून, नंबर घालूनच येऊ लागलं. नंबर बघायचा, नकाशा बघायचा आणि जोडायचं. मेकॅनोच म्हणा ना! 'अलादीन'ची तर पैज होती : आमच्या फळ्यांत गाठ दाखवा, दर गाठीला एक डॉलर न्या.

सीअर्स घरासाठी कर्जही देई. त्यामुळे साध्या कामगारालाही स्वतःचं घर घेता आलं. पण १९२९ नंतर मोठी मंदी आली. कारखाने बंद पडले, हप्ते थकले. (पालकांना हप्त्यांचं दुखणं वेगळं सांगायला नको.) मग ज्या कंपनीने घर विकलं, तिनेच अनेकांचं घर काढून घेतलं. हौसेनं, स्वतःच्या हातांनी जोडलेलं घर! १९४० नंतर सीअर्सचा हा कॅटलॉग निघाला नाही.

तोवर त्यांची सुमारे ७०,००० घरं विकली गेली होती. त्यांतली कितीतरी आजही उभी आहेत. पण कंपनीकडची विक्रीची बरीचशी कागदपत्रं उरलेली नाहीत. म्हणून आपलं घर कॅटलॉगमधलं आहे का, हे शोधायला लोक बॅटरी घेऊन तळघरात उतरतात आणि तुळयांवरची धूळ पुसतात. नशीब असेल तर खाली छापलेलं अक्षर दिसतं, आणि त्याच्या शेजारी नंबर.