फोर्डचे १.० इकोबूस्ट : चण लहान, निगा मोठी

क्षमता : ९९९ सीसी, ३ सिलिंडर, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन
ताकद : भारतातील इकोस्पोर्टमध्ये (२०१३) १२५ पीएस, टॉर्क १७० एनएम
मान : २०१२ ते २०१४ सलग तीनदा ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’

नेहमीची दुखणी

● टायमिंग बेल्ट : तो ऑइलमध्येच फिरतो. ऑइल चुकीच्या ग्रेडचे किंवा जुने झालेले असेल, तर रबर झडते. चुरा पंपाच्या जाळीत अडकून ऑइलचा दाब पडतो.
● कूलंट : सुरुवातीच्या इंजिनांत नळीतून गळती होऊन इंजिन तापण्याच्या तक्रारी आल्या.
● काजळी : पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत.

जुनी गाडी घेताना : बेल्ट आणि ऑइल बदलल्याची बिले आधी मागा.