चित्र, शब्द आणि शाबासकी

इंग्रजी भाषा आपल्या घरांत शिरून आतां पुष्कळ पिढ्या झाल्या. परंतु घरांतल्या सर्व माणसांशीं ती सारख्या आपुलकीनें वागते असें मात्र नाहीं. नातवंडांशीं ती खेळते, मुलाशीं व सुनेशीं कामकाजाचें बोलते, आणि घरांतील वडील स्त्रीशीं पुष्कळदां एक अक्षरहि बोलत नाहीं. महाराष्ट्रांतील मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालें तें २००० सालीं. त्यापूर्वीं पुष्कळ वर्षें तें पांचवीपासून शिकवीत असत. तेव्हां ज्या मुलींची शाळा चौथींतच सुटली, त्यांच्या वांट्यास इंग्रजी आलेंच नाहीं. त्या मुली आज आज्या झाल्या आहेत. औषधाची बाटली, बँकेचा कागद, कपडे धुण्याच्या यंत्रावरील खुणा, जिकडे पाहावें तिकडे इंग्रजी. आणि स्वतःच्याच घरांत त्या परक्या होत चालल्या आहेत. अशा वडील माणसांस रोजच्या उपयोगाचे इंग्रजी शब्द कसे शिकवावे, ह्याविषयीं अनुभवाच्या चार गोष्टी सांगण्याचें योजिलें आहे. आरंभींच कबूल करितों कीं, हा अनुभव मला शिक्षक म्हणून आला नाहीं. अपराधी म्हणून आला.

वाईस कृष्णेच्या कांठीं, ढोल्या गणपतीपासून हांकेच्या अंतरावर आमचें घर आहे. तीन पिढ्या एकत्र नांदतात. एका दिवाळींत सारीं माणसें जेवावयास बसलीं असतां धाकट्या नातवानें आजीजवळ 'स्पून' मागितला. आमच्या कुटुंबानें लगबगीनें वाटी पुढें केली. चूक ती केवढी! पण मी मोठ्यानें हंसलों; आणि नुसता हंसून थांबलों नाहीं, 'अगं, पस्तीस वर्षें मास्तराचा संसार केलास आणि अजून चमचा कळेना?' असा शेराहि मारला. सुनांनीं माना खालीं घातल्या. मुलें मात्र हंसलीं. ती कांहीं बोलली नाहीं. त्या दिवसापासून मुलें इंग्रजींत कांहीं मागूं लागलीं, कीं ती उठून माजघरांत जाई. वर्गांतहि मीं असे शेरे मारले असतीलच. त्यांपायीं किती मुलें कायमचीं मुकीं झालीं, ह्याचा हिशेब कोणत्या हजेरीपटांत सांपडणार?

ही गांठ सोडविली ती आमच्या आठ वर्षांच्या नातीनें. मे महिन्याच्या सुटींत तिनें जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापले. प्रत्येक तुकड्यावर रंगीत खडूनें एका वस्तूचें चित्र काढलें व त्याखालीं मोठ्या इंग्रजी अक्षरांत तिचें नांव लिहिलें. मराठी शब्द कोठेंच नव्हता. मीं विचारलें, 'अर्थ कां लिहीत नाहींस?' ती म्हणाली, 'आजोबा, चमचा म्हणजे काय तें आजीला ठाऊक आहे कीं!' ह्या उत्तरापुढें मला बोलावयास जागाच उरली नाहीं. आजीला चमचा शिकावयाचा नव्हता. चमच्याचें दुसरें नांव तेवढें शिकावयाचें होतें.

हा विचार नवा नाहीं. मोरेव्हियांतील थोर शिक्षणशास्त्रज्ञ कोमेनियस ह्यानें १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें मुलांसाठीं लॅटिन व जर्मन भाषांतील एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत सुमारें दीडशें पाठ असून पाठागणिक एक चित्र आहे. चित्रांतील प्रत्येक वस्तूस आंकडा दिला आहे आणि तोच आंकडा पाठांतील त्या वस्तूच्या नांवापुढें घातला आहे. मुलानें शब्द वाचावा, आंकडा पाहावा आणि चित्रांतील त्या वस्तूवर बोट ठेवावें, अशी योजना. पुढच्याच वर्षीं त्याची इंग्रजी आवृत्ति निघाली. वस्तु आधीं आणि शब्द मागून, हें त्याचें सूत्र.

आम्हां वाईकरांस तर ह्यासाठीं न्यूरेंबर्गपर्यंत जाण्याचेंहि कारण नाहीं. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढील काळचे स्वामी केवलानंद सरस्वती, ह्यांच्या प्राज्ञपाठशाळेनें हें गांव शास्त्राध्ययनासाठीं नांवारूपास आणिलें. मूल शब्दाचा अर्थ प्रथम शिकतें तें कसें, हा आमच्या शास्त्रकारांचा आवडता प्रश्न. त्यांचें उत्तर असें: एक वडील माणूस दुसऱ्यास म्हणतो, 'गाय आण.' दुसरा गाय घेऊन येतो. जवळ बसलेलें मूल हें पाहतें. मग तो म्हणतो, 'गाय बांध, घोडा आण.' एक शब्द गेला, दुसरा आला. त्याबरोबर कृति बदलली, प्राणी बदलला. त्यावरून कोणता शब्द कशाचा हें मूल आपल्याशींच ठरवितें. ह्यास वृद्धव्यवहार म्हणतात. व्याकरण व कोश हींहि अर्थज्ञानाचीं साधनें खरीं. परंतु कोश उघडणाऱ्यास आधीं पुष्कळ शब्द यावे लागतात. व्यवहारांतून शिकणाऱ्याचे डोळे उघडे असले म्हणजे पुरें.

ह्याच गांवीं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या नेतृत्वाखालीं मराठी विश्वकोश उभा राहिला. त्याचा परिभाषासंग्रह १९७३ सालीं व पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला. एकेका इंग्रजी संज्ञेस नेमका मराठी शब्द शोधण्यासाठीं विद्वानांनीं किती खल केला असेल, ह्याची त्यावरून कल्पना येते. शास्त्रांतील शब्दांची ही कथा. पण घरांतले साधे शब्दहि वाटतात तितके सरळ नसतात.

उदाहरणार्थ, बोट. हाताचें बोट इंग्रजींत 'फिंगर', पण पायाचें बोट 'टो'. आपण 'पाय दुखतो' म्हणतों, तेव्हां इंग्रज विचारील कीं 'लेग' कीं 'फूट'? उलट शिजलेला भात आणि डब्यांतले तांदूळ ह्या दोहोंस त्याच्याजवळ 'राइस' हा एकच शब्द. एकत्र कुटुंबांतील माणसांना तर त्याची दयाच येईल; कारण काका, मामा, आत्याचे यजमान व मावशीचे यजमान हे सारे त्याचे 'अंकल', आणि दीर, मेहुणा व साडू हे सारे 'ब्रदर-इन-लॉ'. तेव्हां डावीकडे मराठी व उजवीकडे इंग्रजी अशा याद्या पाठ करविल्या, तर शिकणाऱ्याची पदोपदीं फसगत होते. चित्रांत ती होत नाहीं. पावलाचें चित्र काढून खालीं 'फूट' आणि मांडीपासून घोट्यापर्यंत रंग भरून 'लेग' लिहिलें, कीं शब्दाची हद्द डोळ्यांना दिसते.

आतां प्रत्यक्ष पद्धतीकडे वळूं. पहिली गोष्ट ही कीं, आपणांस अगोदरच किती शब्द येतात तें शिकणाऱ्यास दाखवावें. टेबल, कप, बटण, पेन्सिल, डॉक्टर, तिकीट, स्टेशन, असे शब्द आमच्या कुटुंबाच्या तोंडून नातीनें वदवून घेतले. पहिल्याच दिवशीं साठांवर भरले. 'मला इंग्रजीचें एक अक्षर येत नाहीं' हें पालुपद तेथेंच गळालें. मात्र ओळखीच्या शब्दांतहि एखादा फसवा निघतो. आपला 'ग्लास' स्टीलचा असूं शकतो. इंग्रजींत त्याच शब्दानें कांचहि समजतात. आपण 'हॉटेलां'त मिसळ खातों. इंग्रज तेथें मुक्कामास उतरतो. असे शब्द वेगळे काढून त्यांचीं दोन-दोन चित्रें काढावीं.

दुसरी गोष्ट, घराच्या एकेका भागानें पुढें जावें. आधीं स्वयंपाकघर, मग देवघर, न्हाणीघर, औषधांचें कपाट व शेवटीं दार आणि रस्ता. चिठ्ठी त्या वस्तूवरच डकवावी. दिवसाकाठीं पांच शब्द पुष्कळ झाले. जर्मन संशोधक एबिंगहाउस ह्यानें स्वतःवरच प्रयोग करून १८८५ सालीं असें दाखविलें कीं, पाठ केलेलें विसरण्याचा वेग पहिल्या कांहीं तासांत सर्वांत अधिक असतो व पुढें तो मंदावतो. म्हणून सकाळचे शब्द त्याच रात्रीं, दुसऱ्या दिवशीं आणि आठवड्यानें पुन्हां विचारावे. आमच्याकडे रात्रीं चिठ्ठीवरील नांव हातानें झांकून आजीची परीक्षा होई, आणि मग आजी नातीची परीक्षा घेई. हा दुसरा भाग विसरूं नये. ज्यास दुसऱ्याला विचारण्याचा अधिकार मिळतो, त्याची भीति निम्मी होते.

तिसरी गोष्ट, चित्राची सत्ता वस्तूंपुरती. 'ये', 'बस', 'उघड', 'ओत' हीं कामें चिठ्ठीवर नीट उतरत नाहींत. तीं करूनच दाखवावीं. येथें शास्त्रकारांची 'गाय आण' कामास येते. नात म्हणे, 'ओपन द डोअर,' आणि आजी दार उघडी. मग 'क्लोज द डोअर,' आणि आजी दार लावी. पुढें आजीच्या हुकुमावरून नात उठूं-बसूं लागली, तेव्हां सारें घर पाहावयास जमे. लिपि अशीच मागून आली. आधीं शब्दाचा आकार ओळखीचा झाला, मग त्यांतील एकेक अक्षर.

हें काम अपार आहे अशा भीतीनें कोणी मागें सरूं नये. ऑग्डेन ह्या इंग्रज पंडितानें १९३० सालीं सोप्या इंग्रजीची जी योजना प्रसिद्ध केली, तींत अवघे ८५० शब्द होते, आणि त्यांपैकीं २०० त्यानें चित्रांत दाखवितां येणाऱ्या वस्तूंचे म्हणून वेगळे काढले होते. रोज पांच धरले, तर हे दोनशें शब्द चाळीस दिवसांत होतात. मध्यें सणवार व पाहुणेरावळे आले तरी चातुर्मास पुरेसा आहे.

परंतु चिठ्ठ्या, खडू आणि मोबाइलवरील सुंदर चित्रें हीं सर्व व्यर्थ होत, जर शिकणाऱ्याच्या चुकीस घरांत हंशा मिळत असेल. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथें १८६२ सालीं जन्मलेल्या रमाबाई रानडे ह्यांचें चरित्र ह्या बाबतींत डोळ्यांपुढें ठेवावें. अकराव्या वर्षीं लग्न होऊन त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्तींनीं त्यांस शिकविण्यास आरंभ केला, आणि घरांतील बायकांचे टोमणे सुरू झाले. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत हा जाच त्यांनीं विस्तारानें लिहिला आहे. एकीकडे पतीचा आग्रह व दुसरीकडे सासुरवाशिणीची कुचंबणा, अशा स्थितींत त्या इंग्रजी शिकल्या, सभांतून बोलूं लागल्या, आणि पुढें १९०९ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनांत त्यांनीं प्रौढ स्त्रियांच्या शिक्षणास वाहून घेतलें. त्यांच्या घरीं शिकविणारे न्यायमूर्ति होते आणि हिणविणाऱ्या स्त्रिया होत्या. आमच्या घरीं हिणविणारा मास्तर होता आणि शिकविणारी आठ वर्षांची पोर! काळ बदलला तो असा.

शाबासकी म्हणजे खोटी स्तुति नव्हे. वडील माणसास ती तात्काळ ओळखूं येते आणि बोंचते. बरोबर आलें तें बरोबर म्हणावें. चुकलें तेथें हंसूं नये, बरोबर शब्द आपण सहज एकदां उच्चारावा आणि पुढें चालावें. सुधारणा चारचौघांत करूं नये. इतकें पाळलें तरी पुरें.

आतां ज्या प्रसंगामुळें हा लेख लिहावासा वाटला तो सांगतों. गेल्या वर्षीं माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दिवसांतून चार वेळां थेंब घालावयाचे असत. त्याच सुमारास धाकट्या नातवाचा कान दुखत होता. त्याचेंहि औषध थेंबांचेंच. दोन्ही कुप्या पांढऱ्या, बोटाएवढ्या. एके दुपारीं मुलगे व सुना कामावर गेले होते. मी डोळे मिटून पडलों होतों. नातवानें कपाटांतून कुपी आणून आजीच्या हातीं दिली. मीं पापणी वर केली. थेंब कांहीं पडेना. 'काय झालें?' म्हणून विचारलें. ती कपाटापाशीं उभी होती. तेथें नातीनें डकविलेल्या दोन चिठ्ठ्या होत्या, एकीवर डोळा व दुसरीवर कान. दोन्ही शब्द तीन-तीन अक्षरांचे, दोहोंचा आरंभ 'ई'नें. डोळ्याच्या शब्दाशेवटीं पुन्हां 'ई' आणि कानाच्या शब्दाशेवटीं 'आर'. कुपी चिठ्ठीशीं धरून ती म्हणाली, 'ही कानाची आहे. हिच्यांत शेवटीं आर आहे.'

दुसरी कुपी आणून तिनें नीट दोन थेंब घातले. मला कांहीं बोलतां येईना. तीच म्हणाली, 'अहो, चमचा चुकला होता. हें नाहीं ना चुकलें?' त्या दिवाळीची गोष्ट ती विसरली नव्हती, हें मला तेव्हां समजलें. जी शाबासकी मीं आधींच द्यावयास हवी होती, ती त्या दुपारीं दिली.

वाचकांस एवढीच विनंति कीं, येत्या सुटींत मुलांच्या हातीं खडू व पुठ्ठे द्यावे आणि घरांतल्या आजीस, काकूस त्यांच्यापाशीं बसवावें. पहिल्या दोन चिठ्ठ्या औषधाच्या कपाटावर लावाव्या. आणि माझ्यासारखा कोणी शिकलेला गृहस्थ घरांत असेल, तर त्यानें पहिले आठ दिवस तरी मौन पाळावें.