फ्रीव्हील, सायकलचे

सायकलच्या मागील चाकाच्या तुंब्यावर उजव्या बाजूस आट्यांनी बसविलेले दंतचक्र. पायडलांची गती ते साखळीमार्फत चाकाला देते. मात्र पायडल थांबले तरी चाकाला पुढे फिरत राहू देते. त्याच्या आतील भागावर स्प्रिंगने उचललेल्या खिट्या असतात. पायडल मारताना त्या बाहेरील कड्याच्या आतल्या दात्यांत अडकतात. उतारावर त्यांवरून घसरतात. सायकलस्वाराच्या परिचयाचा कटकट आवाज त्यांचाच होय.

एकच गिअर असलेल्या साध्या काळ्या सायकलीस पुढे बहुधा ४४ वा ४८ व मागे १८ दाते असतात. ४४ व १८ दात्यांच्या जोडीत पायडलाच्या एका फेऱ्यास २८ इंची चाकाची सायकल सु. ५.५ मी. पुढे जाते. सांगली–मिरजेच्या सपाटीवर हे प्रमाण सोयीचे आहे. साताऱ्याहून यवतेश्वराचा चढ चढणाऱ्यास मात्र ते जड जाते. त्याने फ्रीव्हील बदलताना २० दात्यांचे घ्यावे. दर फेऱ्यातील अंतर सु. ४.९ मी. होते व पायावरील जोर त्या मानाने कमी लागतो. या भागाचा सायकलशी संबंध जुना आहे : लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मध्ये बेळगावातील सायकलच्या दुकानाने झाला व १९१० मध्ये तो आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीस आला.

झीज : साखळी ‘ताणली गेली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः पोलाद ताणले जात नाही. कड्यांतील पिना व पुंगळ्या झिजून कड्यांमधील अंतर वाढते. तेलात मिसळलेली रस्त्यावरील धूळ व बारीक वाळू हे काम वेगाने करते. म्हणून बाहेरून तेल ओतत राहण्यापेक्षा साखळी रॉकेलात धुऊन, पुसून मग थोडे तेल देणे श्रेयस्कर. नव्या साखळीच्या २४ अंतरालांची लांबी ३०४.८ मिमी. असते, ती ३०८ मिमी. झाल्यास साखळी टाकून द्यावी. वाढलेल्या अंतराची साखळी फ्रीव्हीलच्या दात्यांची एक बाजू पोखरते आणि ते करवतीच्या दात्यांप्रमाणे कललेले दिसू लागतात. झिजलेली साखळी व झिजलेले दाते एकमेकांशी जुळते झालेले असल्याने दोष बराच काळ लक्षात येत नाही. काटकसरीने त्यांपैकी एकच बदलले, की साखळी दात्यांवरून उडू लागते. दुधाच्या कॅन लावलेल्या सायकलीवर उभे राहून चढ चढणाऱ्याचा पाय अशा वेळी एकदम खाली जातो व तो तोंडावर आपटतो. यास्तव दोन्ही भाग एकत्रच बदलावेत. पुढील दंतचक्रही तपासावे.

बदलण्याची रीत : तुंब्यावरील आटे उजवे असल्याने प्रत्येक पायडलागणिक फ्रीव्हील अधिक घट्ट होत जाते. ते काढण्यासाठी त्याच्या खाचांत नेमका बसणारा पुलर घालतात, आसाच्या नटाने तो सैलसर धरून ठेवतात आणि पुलर शेगड्यात आवळून संपूर्ण चाक डावीकडे फिरवितात. चाकाचा मोठा व्यास येथे तरफेचे काम करतो. पकड सुटताच नट ढिला करावा, अन्यथा आस वाकण्याचा संभव असतो. याच कारणाने जुन्या चाकाचे आरे कापण्यापूर्वी फ्रीव्हील काढून घ्यावे लागते. सुट्या तुंब्यावरून ते काढणे फार कठीण. छिन्नी व हातोड्याने खाचेवर घाव घालण्याची दुकानांतील पद्धत झटपट खरी, पण खाच तुटली की उपाय उरत नाही. मग दोन भोकांचे झाकण उजवीकडे फिरवून (त्याचे आटे डावे असतात) बाहेरील कडे उतरवावे लागते, छर्रे व खिट्या गळून पडतात आणि उरलेला भाग शेगड्यात धरून चाक फिरवावे लागते.

नवे फ्रीव्हील बसविण्यापूर्वी आटे पुसून ग्रीस लावतात. बहुतेक तुंब्यांवर आट्यांचा व्यास १.३७ इंच (३४.८ मिमी.) व इंचास २४ आटे असतात. हे आटे बारीक असल्याने फ्रीव्हील प्रथम हातानेच, सरळ बसेल असे फिरवावे. तिरपे गेल्यास तुंबा निकामी होतो. अखेरचा घट्टपणा पायडल मारताना आपोआप येतो. साखळी मध्यभागी सु. १० ते १५ मिमी. वरखाली हलेल इतकी सैल ठेवून, चाक दोन्ही फाट्यांच्या मधोमध आणून नट आवळतात. जोडकडीच्या क्लिपचे बंद टोक साखळीच्या गतीच्या दिशेस ठेवतात. उलट बसविलेली क्लिप कशात अडकल्यास निसटते.