अस्वलाचे माणसावरील हल्ले

अस्वल माणसाला भक्ष्य समजून क्वचितच त्याच्यावर हल्ला करते. बहुतेक हल्ले स्वसंरक्षणासाठी किंवा पिलांच्या रक्षणासाठी केलेले असतात. तपकिरी अस्वलाच्या २०००–१५ या काळातील ६६४ हल्ल्यांची नोंद उत्तर अमेरिका, यूरोप आणि आशियाचा काही भाग येथून उपलब्ध आहे. त्यांपैकी ९५ हल्ले प्राणघातक ठरले व जवळजवळ निम्मे हल्ले पिले बरोबर असलेल्या मादीने केलेले होते.

भारतात आढळणाऱ्या लांब केसांच्या काळ्या अस्वलाचे (मेलर्सस अर्सिनस) हल्ले याहून पुष्कळच वारंवार होतात. एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत तत्कालीन मध्य प्रदेशात (आजच्या छत्तीसगढसह) ७३५ माणसे या हल्ल्यांना बळी पडली. त्यांपैकी ४८ मरण पावली व बाकीची जखमी झाली. उत्तर बिलासपूर वन विभागात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळात १३७ हल्ले होऊन ११ माणसे दगावली. मृत्यूचे प्रमाण कमी असले, तरी अस्वल मुख्यतः डोके व चेहरा यांवर पंजे मारीत असल्याने वाचलेल्यांपैकी अनेकांना डोळा गमवावा लागतो किंवा कायमची विद्रूपता येते.

वाळवी, मुंग्या, मध आणि मोहाची फुले, बोरे, जांभळे यांवर जगणारा हा प्राणी इतका आक्रमक का, याचे उत्तर त्याच्या शरीररचनेत व परिस्थितीत सापडते. त्याचे घ्राणेंद्रिय तीव्र असले, तरी दृष्टी अधू असते. वारूळ उकरण्यात गुंग असता त्याला माणूस अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. ज्या जंगलांत ते वाघाच्या सान्निध्यात राहत आले, तेथे झाडावर चढून किंवा पळून सुटका होण्याची खात्री नसते. म्हणून दचकताच ते उलट चालून जाते. गुदगुल्या करून अस्वल माणसाला मारते, या समजुतीला आधार नाही. हल्ला सामान्यतः अल्पकाळ टिकतो व त्यानंतर ते निघून जाते.

माणूस व अस्वल यांच्या गरजा एकाच ठिकाणी, एकाच वेळी जुळतात, हे हल्ल्यांचे दुसरे कारण होय. मोहाची फुले रात्री गळतात. ती खाण्यास अस्वल येते आणि वेचण्यास पहाटे स्त्रिया, मुले व वृद्ध जातात. तेंदूपाने, सरपण व मध गोळा करणारे, तसेच गुराखी यांनाही हाच धोका असतो. पावसाळ्यात मका, भुईमूग यांच्या शेतांत गाठ पडते. महाराष्ट्रात मेळघाट, बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य व चंद्रपूर–गडचिरोलीची वने हे या अस्वलाचे प्रदेश आहेत.

एकट्याने न जाता गटाने व बोलत जाणे, घुंगरू बांधलेली काठी आपटणे आणि झुंजूमुंजू होण्यापूर्वी जंगलात न शिरणे, हे सुरक्षिततेचे सोपे उपाय होत. हल्ला झाल्यास पालथे पडून मान व चेहरा हातांनी झाकावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत या अस्वलाचा समावेश आहे. परंतु हल्ल्यांनंतर सुडाने त्याची हत्याही होते. वनोपजांवर पोट भरणाऱ्यांना सुरक्षितता लाभल्याखेरीज अस्वलाचे संरक्षणही साध्य होणे कठीण आहे.