मापाबरोबर यंत्राचंही नाव सांगा

हिंजवडी म्हटलं की आयटी पार्क आणि वाहतूक कोंडी एवढंच आठवतं. पण देशातली पहिली एमआरएनए लस इथल्याच जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सची. 'जेमकोव्हॅक-१९'ला जून २०२२मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली आणि वर्षभराने ओमायक्रॉनसाठीची 'जेमकोव्हॅक-ओएम' आली. ही दुसरी लस गोठवून वाळवलेली, २ ते ८ अंशांत, म्हणजे साध्या फ्रीजमध्ये टिकणारी.

एमआरएनए फार नाजूक असतो, एकटा गेला तर पेशीपर्यंत पोचायच्या आत त्याचे तुकडे पडतात. म्हणून अशा लशींत त्याला स्निग्ध पदार्थांच्या नॅनोकणांबरोबर पाठवतात. हे कण साधारण १०० नॅनोमीटरच्या आसपासचे. लस वाळवताना पाणी निघून जातं, कण एकमेकांच्या जवळ येतात आणि चिकटू शकतात. ते टाळायला सुक्रोजसारखी साखर घालतात. पुन्हा पाणी मिसळल्यावर मूळचेच सुटे कण परत मिळाले की त्यांचे गठ्ठे झाले, हे पाहायचं तर आकार मोजावा लागतो.

साध्या सूक्ष्मदर्शकाचं इथे काही चालत नाही, कारण दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर. मग प्रयोगशाळा कणाकडे थेट न बघता त्याची हालचाल बघते. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धडका देतात आणि कण सतत थरथरत, भरकटत राहतो. लहान कण जास्त भटकतो, मोठा कमी. १९०५मध्ये आइन्स्टाइन यांनी या भटकण्याचं गणित मांडलं. त्यानुसार १०० नॅनोमीटरचा कण २५ अंशांच्या पाण्यात सेकंदाभरात सरासरी तीन मायक्रॉन सरकतो, म्हणजे स्वतःच्या आकाराच्या तीसपट. संध्याकाळी सहाला हिंजवडीतून वाकडकडे निघालेल्या मोटारीला हे जमणार नाही!

'डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग', प्रयोगशाळेच्या बोलीत डीएलएस, हे यंत्र नमुन्यावर लेझर सोडतं. कणांवरून विखुरलेला प्रकाश क्षणाक्षणाला कमीजास्त होतो. चढउतार भराभर झाले तर कण लहान, सावकाश झाले तर मोठे. काम दोन-चार मिनिटांचं, पण कटकटी बऱ्याच. नमुना भरायची छोटी पारदर्शक कुपी, म्हणजे क्युव्हेट, नेहमी वरच्या कडेला धरायची, कारण लेझर जातो त्या भिंतीवर बोटाचा ठसा उमटला की मोजणी बिघडते. तापमानाचंही तसंच. नमुना २० अंशांवर असताना यंत्राला २५ सांगितलं, तर गार पाणी दाट असल्याने कण मंदावतात आणि १०० नॅनोमीटरचा कण ११४चा दिसतो. आकडा इतका पटण्याजोगा की कुणाला शंकाही येत नाही.

खरी गोम पुढेच आहे. इतक्या लहान कणांवरून विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो. ५० नॅनोमीटरचा एक कण ५ नॅनोमीटरच्या कणापेक्षा दहा लाख पट जास्त प्रकाश फेकतो. हजार बारक्यांत एखादा दांडगा शिरला तरी यंत्राला तोच दिसतो, बारके गायब. म्हणून द्रावण आधी गाळून घ्यायचं आणि अहवालात सरासरीशेजारी 'पीडीआय' वाचायचा. आकारांतली विषमता सांगणारा हा आकडा ०.१च्या खाली असेल तर कण बहुतेक एकसारखे. तो न छापता नुसती सरासरी छापणाऱ्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही.

तरीही दुसरं यंत्र दुसरंच उत्तर देतं. अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेने यंत्रं पडताळण्यासाठी सोन्याचे प्रमाण-कण तयार केले. नावाला १० नॅनोमीटरच्या असलेल्या नमुन्याचं माप अणुबल सूक्ष्मदर्शकाने ८.५ भरलं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने (टीईएम) ८.९ आणि डीएलएसने थेट १३.५. यातलं कुठलंच चूक नाही. टीईएमला फक्त कोरड्या सोन्याची सावली दिसते. डीएलएस कणासोबत फिरणारा रेणूंचा आणि पाण्याचा थरही मोजतं, शिवाय त्याचा कल मोठ्या कणांकडे. ६० नॅनोमीटरच्या नमुन्यात हीच दोन मापं ५६.० आणि ५६.६ आली. कण मोठा झाला की तो पातळ थर नगण्य ठरतो.

शिवाय डीएलएस प्रत्येक कण गोल आहे असं धरूनच चालतं. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोणी नॅनोकण बनवले होते. डीएलएस अशा त्रिकोणाचाही 'व्यास' बिनदिक्कत सांगेल. त्रिकोण दिसायला टीईएमच हवा.

टीईएमचीही अडचण आहेच. नमुना निर्वात पोकळीत जातो आणि लशीतला मऊ, स्निग्ध कण तिथे वाळून बसका होतो. त्यासाठी तो क्षणार्धात गोठवून काचेसारख्या बर्फात पकडतात. या क्रायो पद्धतीसाठी २०१७चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. चित्र सुरेख मिळतं, पण त्यात मोजून होतात ते काहीशे कण. लशीच्या थेंबात ते अब्जावधी असतात, म्हणून त्या सगळ्यांचा कौल घ्यायला नमुना पुन्हा डीएलएसकडेच येतो.