वाल्याचे सात रांजण आणि वॉल्टरचीं सात पिंपें

चोर, खुनी आणि पोलीस ह्यांच्या कथा सभ्य घरांत शिरूं द्याव्यात कीं नाहीं, हा वाद जुना आहे. एके काळीं तो बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरून होत असे. मुलें तीं पुस्तकें बीजगणिताच्या पुस्तकांत दडवून वाचीत, आणि वडील मंडळी तीं जप्त करून, मुलें निजल्यावर, स्वतः वाचीत. आतां वाद दूरचित्रवाणीवरील मालिकांचा आहे. आमचें मत विचाराल तर कथेंत गुन्हा आहे एवढ्यावरून ती टाकाऊ ठरत नाहीं. महाभारतांत द्यूत आहे, लाक्षागृह आहे, रात्रीं झोपलेल्या मुलांची कत्तल आहे. म्हणून तो ग्रंथ कोणी कुलुपांत ठेवीत नाहीं. पाहावयाचें तें इतकेंच कीं, चांगला माणूस वाईट कसा होतो ती वाट कथाकारानें एकहि पायरी न गाळतां दाखविली आहे काय. ह्या कसोटीस उतरलेली एक अमेरिकन मालिका आम्हीं अथपासून इतिपर्यंत पाहिली. तिच्याविषयीं कुटुंबवत्सल वाचकांशीं थोडें बोलावें असें वाटतें.

मालिकेचें नांव ‘ब्रेकिंग बॅड’, म्हणजे सरळ माणसाचें पाऊल वांकडें पडणें. तिचा पहिला भाग २० जानेवारी २००८ रोजीं अमेरिकेंत दाखविला गेला व शेवटचा २९ सप्टेंबर २०१३ रोजीं. पांच पर्वें मिळून ६२ भाग. २०१३ व २०१४ अशीं लागोपाठ दोन वर्षें उत्कृष्ट नाट्यमालिकेचें एमी पारितोषिक तिला मिळालें, आणि नायकाच्या कामाबद्दलचें पारितोषिक ब्रायन क्रॅन्स्टन ह्या नटानें चार वेळां मिळविलें. तिचा जनक व्हिन्स गिलिगन. मिस्टर चिप्सचा स्कारफेस करून दाखवावयाचा, हा आपला हेतु त्यानें मोकळेपणानें सांगितला आहे. मिस्टर चिप्स म्हणजे जेम्स हिल्टनच्या १९३४ सालच्या छोट्या कादंबरींतला, मुलांच्या पिढ्या शिकवून म्हातारा झालेला प्रेमळ मास्तर. आणि स्कारफेस हा त्याच नांवाच्या चित्रपटांतला निर्घृण गुंड. ज्यांनीं सारा जन्म मास्तरकींत घालविला त्या आमच्यासारख्यांस हा हेतु ऐकून प्रथम थोडी चीड आली. पण कुतूहलहि वाटलें.

कथा घडते न्यू मेक्सिको संस्थानांतील आल्बुकर्क ह्या शहरीं. वॉल्टर व्हाइट तेथील एका शाळेंत रसायनशास्त्र शिकवितो. बुद्धि तल्लख, तरुणपणीं मित्रांबरोबर त्यानें काढलेली कंपनी पुढें अब्जावधि डॉलरांची झाली, पण हा आपला हिस्सा ५,००० डॉलरांत विकून आधींच बाहेर पडलेला. पन्नाशी गांठली तेव्हां स्थिति अशी कीं, पगारांत भागत नाहीं म्हणून शाळा सुटल्यावर मोटारी धुण्याच्या दुकानांत गल्ल्यावर बसावयाचें, आणि माणूस कमी पडला तर स्वतःच्याच विद्यार्थ्याच्या मोटारीचीं चाकें पुसावयाचीं. मुलगा जन्मतः मेंदूच्या विकारामुळें कुबड्या घेऊन चालणारा. पत्नी स्कायलर गरोदर. पन्नासाव्या वाढदिवसाच्या मेजवानींत त्याचा साडू हँक, जो अंमली पदार्थांच्या बंदोबस्ताच्या सरकारी खात्यांत अधिकारी आहे, आपण घातलेल्या एका धाडीची बातमी दूरचित्रवाणीवर सर्वांना दाखवितो. पडद्यावर नोटांचीं पुडकीं दिसतात. हे किती असतील, असें वॉल्टर विचारतो. सुमारें सात लाख डॉलर, असें साडू सहज सांगून जातो. दुसऱ्या दिवशीं मास्तर कामावर चक्कर येऊन पडतो, आणि फुप्फुसाचा कर्करोग असल्याचें निदान होतें. पुढें एका धाडींतून निसटतांना त्याला आपलाच जुना विद्यार्थी जेसी पिंकमन दिसतो. त्याला धाक घालून मास्तर त्याच्याशीं भागी करतो आणि ‘मेथ’ नांवाचें घातक मादक द्रव्य, आपल्या शास्त्राच्या बळावर, सर्वांहून शुद्ध बनवूं लागतो.

कुटुंबासाठीं म्हणून हें सर्व चाललें आहे, असें तो स्वतःला बजावीत असतो. दुसऱ्या पर्वाच्या आरंभीं त्यानें केलेला हिशेब तर कोणाहि संसारी माणसास पटेल असा आहे. दोन मुलांचें चार चार वर्षांचें उच्च शिक्षण, वर्षाला ४५,००० प्रमाणें ३,६०,०००. घरावरचें कर्ज, १,०७,००० आणि ३०,०००. घरखर्च महिना २,००० प्रमाणें दहा वर्षांचा २,४०,०००. एकूण ७,३७,००० डॉलर. आंकडा चोख, बेरीज बरोबर. मास्तरच तो! परंतु मालिका संपत येते तेव्हां ह्याच गृहस्थाजवळ सुमारें आठ कोटि डॉलर सांठलेले असतात, आणि ते सात पिंपांत भरून त्यानें वाळवंटांत पुरलेले असतात.

सात पिंपें म्हटल्याबरोबर मराठी घरांत वाढलेल्या कोणालाहि सात रांजण आठवतील. कीर्तनांत ऐकलेली वाल्या कोळ्याची कथा, एका खुनामागें एक खडा, अशी आपल्या सर्वांना पाठ आहे. (ही कथा मूळ वाल्मीकिरामायणांत नाहीं, ती मागाहूनच्या ग्रंथांत आली आणि कीर्तनकारांच्या मुखीं वाढली. तिचें मोल त्यामुळें कमी होत नाहीं.) गिलिगनसाहेबांच्या कानावर आमचा वाल्या गेला असेल असें आम्हांस वाटत नाहीं, वॉल्टर आणि वाल्या हें नांवांचें साम्यहि योगायोगाचेंच. पण दोघांचें उत्तर एकच: मी करतों तें बायकामुलांसाठीं. नारदानें वाल्याला विचारलें कीं, तुझ्या पापाची वांटेकरीण तुझी बायको होईल काय? आणि येथेंच वाल्याचा मोठेपणा आहे, ज्याकडे कीर्तनांत आपलें लक्ष जात नाहीं. तो घरीं गेला आणि त्यानें खरोखरच विचारलें. नकार मिळण्याची जोखीम पत्करली. वॉल्टर कधींच विचारीत नाहीं. ज्यांच्यासाठीं म्हणून हें चाललें आहे त्यांना तुम्हांस असला पैसा हवा काय हा प्रश्न घालण्याची हिंमत त्याला ६२ भागांत होत नाहीं. कारण उत्तर त्याला ठाऊक आहे. वाल्याच्या बायकोला नाहीं म्हणतां आलें. स्कायलरला ती संधि मिळालीच नाहीं. तिला कळलें तेव्हां पाप घरांत येऊन बसलेलें होतें. तिनें घटस्फोट मागितला, तर हा बळेंच घरांत राहावयास आला. शेवटीं तीच मोटारी धुण्याचें तें दुकान विकत घेऊन काळा पैसा पांढरा करूं लागली. म्हणजे नवऱ्याच्या पापांतला वांटा तिनें घेतला नाहीं. तो तिच्या पदरीं लोटला गेला.

आमच्या मतें सर्व मालिकेचा कणा पहिल्या पर्वाच्या पांचव्या भागांत आहे, आणि त्यांत एकहि गोळी सुटत नाहीं. वॉल्टर उपचार नको म्हणतो, म्हणून घरची मंडळी बैठक घेतात. ज्याच्या हातीं उशी असेल त्यानेंच बोलावयाचें असा नियम. मुलगा रागावून म्हणतो कीं, कुबड्यांवर मी इतकें सोसलें, आणि तुम्ही औषधाला भितां? मेव्हणी म्हणते, त्यांच्या मनाप्रमाणें होऊं द्या. साडू पत्त्यांच्या डावाचे दाखले देत बसतो. हंसूंहि येतें आणि डोळेहि भरतात. आपल्याकडे आजारी माणसाला दिवाणखान्यांत बसवून असें त्याचें मत कोण विचारतो? निर्णय आधींच माजघरांत झालेला असतो. असो. त्याच भागांत जुना भागीदार एलियट त्याला नोकरी देऊं करतो; तिच्याबरोबर विमा येणार, उपचाराची सोय होणार. एलियटची पत्नी ग्रेचन हीहि आपण सर्व खर्च करूं असें मनापासून सांगते. ह्या वेळीं वॉल्टरचे हात एकदां विटाळलेले आहेत, पण परतीची वाट उघडी आहे. तो दोघांनाहि नकार देतो, आणि घरीं येऊन एलियटच पैसे देणार आहे असें पत्नीला सांगतो. मग जेसीच्या दारीं जातो.

ह्या ठिकाणीं थांबून विचार करण्यासारखें आहे. येथें त्याला लोभानें धरलेलें नाहीं. धरलें आहे तें मदानें आणि मत्सरानें. आपल्या शास्त्रकारांनीं षड्रिपूंत हे दोन वेगळे मोजले आहेत. विष विकून मिळविलेला पैसा त्याला चालतो, पण मित्राचा उपकार चालत नाहीं. पुढें तो जेसीजवळ बोलून जातो कीं, त्या कंपनीची किंमत आज किती हें मी दर आठवड्यास पाहतों. त्या वेळीं ती २१६ कोटि डॉलर आहे. घरच्या कर्त्या पुरुषानें कोणापुढें हात पसरूं नये हा बाणा आपण मुलांना गुण म्हणून शिकवितों. त्या गुणाच्या आड किती जुनीं गळवें ठसठसत असतात, हें त्या एका वाक्यांत दिसतें.

एकदां खोटें सांगितलें कीं त्याची राखण करण्यांतच आयुष्य जातें. हँक जायबंदी होऊन अंथरुणास खिळतो, तेव्हां त्याच्या उपचाराचा खर्च ह्याच पैशांतून दिला जातो. हा पैसा जुगारांत मिळाला, अशी नवी कहाणी त्यासाठीं रचली जाते. ज्या गुन्हेगाराला तो प्रामाणिक अधिकारी रात्रंदिवस शोधतो आहे, त्याच्याच पैशानें तो पायांवर उभा राहतो. आणि अखेरीस जेथें तीं पिंपें पुरलीं होतीं त्याच जागीं तो मारला जातो.

पैशाविषयीं एक दृश्य प्रत्येक घरानें पाहावें. स्कायलर नवऱ्याला एका भाड्याच्या गाळ्यांत नेते आणि चादर दूर करते. खाटेएवढा नोटांचा ढीग. किती आहेत, तो विचारतो. तिला माहीत नाहीं. मोजणें तिनें केव्हांच सोडलें आहे. ती तो ढीग झांकून ठेवते आणि कसर लागूं नये म्हणून वर औषध फवारते. अजून किती हवेत, एवढेंच ती विचारते. जुन्या पैठण्यांना लागते ती कसर! लक्ष्मीची अशी दशा आम्हीं दुसरीकडे कोठें पाहिली नाहीं.

आणि तरीहि प्रेक्षकांनीं द्वेष केला तो स्कायलरचा! तिचें काम करणाऱ्या ॲना गन ह्या नटीनें २०१३ च्या ऑगस्टमध्यें ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें ह्याविषयीं लेख लिहिला होता. ती नवऱ्याच्या आड येते म्हणून प्रेक्षक तिच्यावर संतापत, आणि तो संताप प्रत्यक्ष नटीपर्यंत पोंचला होता. पैसा कोठून आला असें विचारणारी बायको प्रेक्षकांना कटकटी वाटते आणि माणसें मारणारा नवरा पराक्रमी वाटतो. हा दोष अमेरिकेचाच आहे असें समजण्याचें कारण नाहीं. आपल्या घरांतहि पुरुषाच्या मिळकतीची विचारपूस करणारी सून आगाऊच ठरते.

शेवटच्या भागांत वॉल्टर पत्नीपुढें मान्य करतो कीं, हें सर्व मीं माझ्यासाठीं केलें. मला तें आवडत होतें. त्याआधीं त्यानें अज्ञातवासांतून मुलाला एक लाख डॉलर पाठविण्याचा प्रयत्न केलेला असतो. मुलगा फोनवर त्याचा धिक्कार करून तो पैसा झिडकारतो. उरलेले ९७ लाख २० हजार डॉलर मुलाला मिळावेत म्हणून त्याला कोणाकडे जावें लागतें, तर त्याच एलियट आणि ग्रेचनकडे. पहिल्या पर्वांत ज्यांचें दान नाकारलें, त्यांचेंच दान म्हणून तो पैसा मुलाच्या हातीं पडावा, अशी व्यवस्था तो त्यांना मृत्यूचा धाक घालून करतो.

आतां मास्तर ह्या नात्यानें थोडें. वॉल्टरनें मरूं दिलेल्या एका मुलीचा बाप विमानांच्या वाहतुकीचें नियंत्रण करणारा असतो. दुःखानें त्याचें भान सुटतें आणि दोन विमानें शहरावर आदळून १६७ माणसें मरतात. शाळेंत मुलांना जमवून बोलतें केलें जातें. मुलें रडत आहेत, आणि हा गृहस्थ उभा राहून सांगतो कीं, अपघातांच्या यादींत ह्याचा क्रमांक पन्नासावा आहे, १९७७ सालीं टेनेरिफ येथें ५८३ माणसें गेलीं होतीं. माहिती खरी, पण त्या दिवशीं त्याच्यांतला मास्तर मेला असें आम्हीं समजतों. जेसीला त्यानें शाळेंत नापास केलें होतें आणि उत्तरपत्रिकेवर लक्ष घालण्याविषयीं रागाचा शेरा मारला होता. असे शेरे कोणत्या मास्तरानें मारले नाहींत? परंतु त्याच जेसीला सुतारकामाच्या वर्गांत दुसरा एक मास्तर भेटला होता. मुलानें कशीबशी केलेली पेटी पाहून तो रागावला नाहीं. तुला जमतें तें एवढेंच काय, इतकें त्यानें विचारलें. मुलानें पेटी पुन्हां केली, पुन्हां केली, आणि शेवटची पेटी खिळ्यावांचून नुसत्या सांध्यांची, घांसून गुळगुळीत, अशी झाली. ती आपण आईला दिली, असें जेसी आधीं सांगतो. मग सांगतो कीं, थोड्या गांजासाठीं विकली. अखेरच्या भागांत गुंडांच्या कैदेंत बांधलेला जेसी काम करतां करतां क्षणभर त्या पेटीच्या स्वप्नांत जातो; लांकडाचा वास घेतो, पेटी दोन्ही हातांनीं उचलतो. मग दोर ताणला जातो. दृश्य मिनिटभराचेंहि नाहीं. जेवणाचीं पानें मांडावयाचीं म्हणून त्या वेळीं कोणी उठूं नये.